खनिजाचा पत्ता

मुलांना दगड गोळा करायला शिकवावं लागत नाही. कुठूनही फिरून आल्यावर त्यांचे खिसे उलटे केले, की चार-दोन गारगोट्या हमखास पडतात. पण तोच नाद घेऊन सगळं घर एक दिवस खनिजं शोधायला निघायचं ठरवतं, तेव्हा बहुतेक जण आधी जागा ठरवतात. माझ्या मते आधी ठरवावं ते काय शोधायचं हे. खनिज वाटेल तिथे सापडत नाही. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला असतो, आणि ते कसं जन्माला आलं यावरून तो कळतो.

अकीक घ्या. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहून जातात. नंतर त्या खडकातून झिरपणारं पाणी विरघळलेली सिलिका (वाळू-गारगोटीचं मूळ द्रव्य) घेऊन येतं आणि पोकळीच्या भिंतीवर थरावर थर चढवत राहतं. अकीकातले रेखीव पट्टे ते हेच. मध्ये जागा उरलीच, तर तिथे क्वार्ट्‌झचे टोकदार स्फटिक वाढतात. त्यात लोहाचा अंश असला आणि आसपासच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सार त्यांच्यावर दीर्घकाळ पडत राहिला, तर ते जांभळे होतात, तोच अॅमेथिस्ट. म्हणजे अकीक हवा असेल तर ज्वालामुखीचा खडक गाठायचा. दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट हा असाच खडक. त्याच्या पोकळ्यांतले स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि अपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. यांतले पहिले दोन झिओलाइट गटातले. झिओलाइट तापवलं की त्यातलं पाणी उकळून बाहेर पडतं, म्हणून स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं ग्रीक नाव दिलं.

टूर्मलीन, बेरिल किंवा पुष्कराज हवा असेल तर पत्ता बदलतो. जमिनीखाली खोलवर शिलारस थिजत आला, की शेवटी जो थोडा रस उरतो त्यात पाणी आणि दुर्मीळ मूलद्रव्यं एकवटलेली असतात. अशा रसात अणूंना हिंडायला मोकळीक मिळते, म्हणून स्फटिक मोठे होतात. त्यातून बनणाऱ्या खडकाला पेग्मटाइट म्हणतात. तळहाताएवढे अभ्रकाचे पापुद्रे आणि गुलाबी-पांढऱ्या फेल्डस्पारचे ठोकळे एकाच खडकात दिसले, तर तिथे थांबून नीट पाहावं. गार्नेटचा पत्ता बहुधा दाब आणि उष्णतेने रूपांतरित झालेल्या, अभ्रकाने चमचमणाऱ्या शिस्टमध्ये असतो.

तिसरा पत्ता मला सगळ्यांत आवडतो, तो नदीचा. मूळ खडक झिजतो, मऊ खनिजांचा भुगा होतो आणि जी कठीण व जड असतात ती वाहत वाहत वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला खाली बसतात. श्रीलंकेतल्या रत्नपुराचे नीलम अशाच जुन्या नदीच्या वाळू-गोट्यांतून निघतात. तिथे त्या थराला ‘इल्लम’ म्हणतात. क्वार्ट्‌झ पाण्याच्या २.६५ पट जड, गार्नेट साडेतीन पटींहून जास्त आणि माणिक-नीलम चार पट. एवढा फरक एका चाळणीला पुरतो. चाळणीत गोटे घेऊन ती पाण्यात बुडवायची आणि पाण्यातच वरखाली हिसके देत थोडी थोडी फिरवायची. हलके खडे वर येतात, जड खाली मध्यभागी गोळा होतात. मग एका झटक्यात चाळण गोणपाटावर पालथी घालायची. तळ वर आला, की करड्या खड्यांच्या मधोमध काळपट-लाल ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. त्यातला एक खडा चिमटीत धरून सूर्याकडे करा. काळा वाटणारा गार्नेट आतून डाळिंबाच्या दाण्यासारखा पेटतो. हे एकदा पाहिलेलं मूल दुपार झाली तरी पाण्यातून उठत नाही.

पहिल्या सहलीला हौशी लोकांसाठी मुद्दाम खुली ठेवलेली जागा मिळाली तर उत्तम. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात एका शेतकऱ्याला १९०६ मध्ये आपल्या शेतात हिरे सापडले. १९७२ पासून ती जागा राज्य उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांचं नांगरलेलं रान आहे, आणि ज्याला जे सापडेल ते त्याचं. १९२४ मध्ये तिथे ४०.२३ कॅरटचा हिरा निघाला होता. तिथला अनुभव सगळीकडे उपयोगी पडतो: मोठा पाऊस पडून गेला की माती धुपते, खडे उघडे पडतात, आणि नंतरच्या उन्हात बरंच काही नुसत्या नजरेला सापडतं. म्हणून दिवस निवडताना पावसानंतरची उघडीप पाहावी. मात्र नदीचं पाणी उतरल्याशिवाय पात्रात पाय घालू नये.

इतरत्र जायचं तर भूवैज्ञानिक नकाशा मिळवा. बहुतेक देशांच्या सर्वेक्षण संस्था तो प्रसिद्ध करतात. त्यात प्रत्येक रंग एक खडक दाखवतो. तो मुलांसमोर पसरा आणि आपल्याला हवा तो रंग रस्ता, ओढा किंवा दरड यांनी कुठे कापला आहे, ते त्यांनाच बोटाने शोधू द्या. जमीन कोणाची आहे हे कळलं, की निघण्यापूर्वी परवानगी घ्यायची. राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित स्थळं यांतून सहसा काहीच उचलता येत नाही. जिथे उचलता येतं तिथेही मर्यादा असते. अमेरिकेच्या काही संघीय जमिनींवर अश्मीभूत लाकूड दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा एवढंच नेता येतं. हे नियम मला जाचक वाटत नाहीत. एक स्फटिक वाढायला जो काळ लागतो, त्यापुढे आपली पिशवी भरायची घाई फार छोटी आहे.

सामान थोडं पुरतं: भूवैज्ञानिकाचा हातोडा, छिन्नी, चाळण, भिंग, जुनी वर्तमानपत्रं, वही. सुताराचा हातोडा नको, दगडावर आपटून त्याच्या पोलादाची कपची उडू शकते. डोळ्यांना कपची लागू न देणारे सुरक्षा-गॉगल मात्र सगळ्यांना हवेत, फोडणाऱ्याला आणि शेजारी उभ्या राहून बघणाऱ्यालाही. सोडून दिलेल्या खाणीत पाऊल टाकायचं नाही. छत कोसळतं, आणि आतल्या हवेत प्राणवायू कमी असला तर ते कळतही नाही. दगड चाटून पाहायची सवय मुलांना लागू देऊ नका. गॅलेनात शिसं असतं, सिनाबारमध्ये पारा.

ओळख पटवण्याचं काम तिथेच, सावलीत बसून करावं. मागच्या वेळी आमच्या हाती दोन पांढरे, जवळपास सारखेच तुकडे लागले. एकावर चाकूचं टोक ओढलं, ओरखडा उमटला आणि पांढरी भुकटी पडली. दुसऱ्यावर ओढलं, तर चाकूच्याच पोलादाची करडी रेघ त्याच्यावर उमटली. पहिल्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकला आणि भिंगातून पाहिलं, तर बारीक बुडबुडे. तो कॅल्साइट, काठिण्य ३. दुसरा क्वार्ट्‌झ, काठिण्य ७. ही १ ते १० ची मोजपट्टी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडली: संगजिरा १, हिरा १०. नखाचं काठिण्य सुमारे २.५ आणि चाकूचं सुमारे ५.५, म्हणजे अर्धी प्रयोगशाळा खिशातच.

रंगावर विसंबू नका. माणिक आणि नीलम हे एकच खनिज, कोरंडम. क्रोमियमने लाल होतं, लोह आणि टायटॅनियमने निळं. त्यापेक्षा कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, भरवशाचा. सोनार कसोटीवर सोनं घासतो, तसा नमुना झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासायचा. सोन्यासारखा झळकणारा पायराइट हिरवट-काळी रेघ सोडतो आणि खरं सोनं पिवळी. काळंभोर हेमटाइट तांबडी रेघ ओढतं, तेव्हा मुलं फरशी हिसकावून घेतात.

आणि मग पत्ता लिहायचा. माझ्या पहिल्या सहलींमधला फिकट हिरवा अपोफिलाइट अजून माझ्याजवळ आहे, पण तो कुठल्या खडकातून काढला हे मी कधी लिहिलंच नाही. तो दिसायला सुंदर आहे, अभ्यासाला निरुपयोगी. याची हळहळ जात नाही. आता प्रत्येक नमुना कागदात गुंडाळण्याआधी चिठ्ठी तयार होते. घरी धुवून झाल्यावर त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन वहीतला क्रमांक लिहितो. सैंधव असेल तर धुवायचं नाही, ते विरघळतं. अॅमेथिस्ट खिडकीत ठेवायचा नाही, उन्हाने त्याचा रंग उतरतो. चिठ्ठ्या आता मुलगी लिहिते. शेवटची अशी आहे: “क्र. १४. कॅल्साइट. ओढ्याचा डावा काठ, पुलापासून दोनशे पावलं वर. सुट्या काळ्या धोंड्यातल्या पोकळीत. शेजारी छोटे हिरवे काहीतरी, पुढच्या वेळी बघणे.”