‘ऐकीव’ अमेरिका

एखादी गोष्ट ‘ऐकीव’ आहे म्हटलं की मराठीत तिची किंमत निम्म्याने उतरते. अमेरिकेतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांचंही फार काळ असंच होतं. कागद असेल तर इतिहास, नाहीतर नुसत्या गप्पा. तरीही विसाव्या शतकातली अमेरिका समजून घ्यायची तर आज शिकागोच्या एका रेडिओ केंद्रावरच्या मुलाखती ऐकाव्या लागतात. त्या घेणारे स्टड्स टर्केल ना इतिहासकार होते, ना रूढ अर्थाने पत्रकार.

या कामाला दोन ओघ येऊन मिळाले होते. पहिला 1930 च्या दशकातल्या महामंदीतला. बेकार लेखकांना पोटापाण्याला लावण्यासाठी रूझवेल्ट सरकारने ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ काढला. त्यातून 1936 ते 1938 या काळात, एकेकाळी गुलाम असलेल्या 2,300 हून अधिक वृद्धांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या, बहुतेक सगळ्या कागद-पेन्सिलीने. दक्षिणेत प्रश्न विचारणारे बहुतांश गोरे, उत्तरं देणारे ऐंशीच्या घरातले, उपाशी, आणि हा सरकारी माणूस आपल्याला पेन्शन मिळवून देईल अशा आशेवर बसलेले. ‘मालक चांगला होता हो’ असं काहीजण का म्हणाले असतील, हे त्या खोलीत कोण बसलं होतं ते लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. माणसांच्या तोंडून ऐकून नोंदवलेल्या, म्हणजे मौखिक इतिहासाची ही पहिली गोम.

दुसरा ओघ विद्यापीठातला. 1948 मध्ये इतिहासकार अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं केंद्र सुरू केलं. पण त्यांना हवे होते राजकारणी, न्यायाधीश, उद्योगपती. मोठी माणसं आता पत्रं न लिहिता फोनवर बोलतात, मग मागे उरणार काय, ही त्यांची चिंता. गंमत अशी की सुरुवातीच्या काळात तिथे मुलाखतीचं टंकलेखन झालं की टेप पुसून पुन्हा वापरत. टेप महाग होती हे खरं, पण आवाजाला पुरावा मानत नव्हते हेही तितकंच खरं.

टर्केल पहिल्या ओघातले. जन्म 1912 चा, न्यूयॉर्कमधला, वाढले शिकागोत. आईवडील कामगारांसाठी साधं लॉजिंग चालवत. तिथल्या लॉबीत युनियनवाले आणि युनियनला शिव्या घालणारे एकमेकांना भिडत, आणि पोरगा ऐकत बसे. 1934 मध्ये कायद्याची पदवी घेतली, वकिली केली नाही. त्याच रायटर्स प्रोजेक्टच्या रेडिओ विभागात लिहिलं, रेडिओ नाटकांत गुंडांची कामं केली. 1950 च्या सुमारास टीव्हीवर ‘स्टड्स प्लेस’ ही मालिका मिळाली: एक छोटं हॉटेल आणि तिथे येणारी माणसं, संवाद बरेचसे आयत्या वेळी सुचलेले.

मग कम्युनिस्टांच्या शोधाचं वारं सुटलं. वर्णभेदाविरुद्ध, भाडेनियंत्रणाच्या बाजूने अशा निवेदनांवर टर्केल यांनी सह्या केल्या होत्या. ‘कम्युनिस्टांनी मला फसवलं’ एवढं म्हणा, असं त्यांना सुचवलं गेलं. ते म्हणाले नाहीत, मालिका गेली. पुढे गायिका महेलिया जॅक्सन यांच्या सीबीएस या प्रसारण कंपनीवरच्या कार्यक्रमाचं काम करताना देशाशी निष्ठेची लेखी शपथ समोर आली, तेव्हाही त्यांनी सही नाकारली. या वेळी महेलियाच आडव्या उभ्या राहिल्या: स्टड्स नसतील तर मीही नाही. विषय तिथेच मिटला.

टीव्हीने हाकललं नसतं तर पुढचं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. शिकागोत डब्ल्यूएफएमटी नावाचं नवं, छोटं रेडिओ केंद्र सुरू झालं होतं. त्यावर लोकगायक वुडी गथ्रीचं गाणं लागलेलं ऐकून ‘असलं वाजवणारे हे कोण?’ म्हणून आपण फोन केला, असं टर्केल सांगत. 1952 पासून 1997 पर्यंत, पंचेचाळीस वर्षं ते तिथेच राहिले. लेखक जेम्स बाल्डविन आले, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी बोलणं झालं ते महेलियांच्या घरी. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाला शिकागोहून निघालेल्या आगगाडीत टर्केल टेपरेकॉर्डर घेऊन चढले. यंत्राशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. भलतंच बटण दाबून नर्तकी मार्था ग्रॅहम यांची मुलाखत त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली.

1967 च्या ‘डिव्हिजन स्ट्रीट’पासून पुस्तकं सुरू झाली. चिनी खेड्यातल्या लोकांच्या मुलाखतींचं यान म्युर्दाल यांचं पुस्तक प्रकाशक आंद्रे शिफ्रिन यांनी काढलं होतं. तसंच शिकागोचं करा, हा आग्रह त्यांचाच. मग महामंदीवरचं ‘हार्ड टाइम्स’ (1970), वेट्रेसपासून कबर खोदणाऱ्यापर्यंत शंभराहून अधिक जणांच्या रोजगाराविषयीचं ‘वर्किंग’ (1974), आणि दुसऱ्या महायुद्धावरचं पुलित्झर पुरस्कार मिळवणारं ‘द गुड वॉर’ (1984). त्या शीर्षकाला अवतरणचिन्हं त्यांनी मुद्दाम घातली. युद्धाला ‘चांगलं’ हे विशेषण त्यांना पटत नव्हतं. छापताना ते स्वतःचे बरेचसे प्रश्न काढत, बोलणं छाटत, क्रम बदलत. त्यामुळे पुस्तकात माणूस आपणहून मोकळा झाल्यासारखा वाटतो. टेपवर मात्र टर्केलांचा खर्जातला आवाज सतत मध्ये येतो, ‘अच्छा, मग?’ अशा थाटात ढकलत राहतो. मला टेप जास्त प्रामाणिक वाटते.

एक प्रसंग ते वारंवार सांगत. सरकारी चाळवजा वसाहतीत एका बाईची मुलाखत घेतली. पोरं नाचायला लागली, आईचा आवाज ऐकवा म्हणून. टेप लावली. बाईने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, मला असं वाटतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

टेपने एवढा झपाटलेला आपल्याशिवाय दुसरा एकच माणूस, असंही ते गमतीने म्हणत: राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन. व्हाइट हाउसमधली छुपी टेप यंत्रणा 1973 मध्ये उघड झाली होती.

टर्केल यांच्या सुमारे 5,600 कार्यक्रमांचा ठेवा शिकागो हिस्टरी म्युझियमकडे गेला; तो डिजिटल करण्याचं काम लायब्ररी ऑफ काँग्रेसने अंगावर घेतलं आणि 2018 मध्ये तो ऐकण्यासाठी खुला झाला. टर्केल 2008 मध्येच, शहाण्णवव्या वर्षी वारले होते. त्याआधी दोन वर्षं, मे 2006 मध्ये, ते इतर काहीजणांसह न्यायालयात गेले होते. ग्राहकांच्या फोनच्या नोंदी एटी अँड टी कंपनी सरकारच्या गुप्तहेर यंत्रणेला देते, अशी त्यांची तक्रार होती. सरकारी गुपिताचं कारण पुढे आलं आणि जुलैमध्ये दावा फेटाळला गेला.