मॅगी स्मिथ कोण आणि जुडी डेंच कोण?

इंग्लंडच्या या दोन अभिनेत्रींची नावे एकमेकींना चिकटवली जाण्याला सबळ कारणे आहेत. जुडी डेंच यांचा जन्म ९ डिसेंबर १९३४ रोजी यॉर्कमध्ये झाला आणि मॅगी स्मिथ यांचा त्याच वर्षी, त्याच महिन्याच्या २८ तारखेला, इलफर्डमध्ये. दोघींनी रंगभूमीवर पाय रोवले ते १९५० च्या दशकात, दोघींना 'डेम' ही ब्रिटिश सन्मानाची उपाधी दोन वर्षांच्या अंतराने मिळाली, डेंच यांना १९८८ मध्ये व स्मिथ यांना १९९० मध्ये, आणि दोघीही जगभरच्या प्रेक्षकांना खऱ्या अर्थाने परिचित झाल्या त्या साठीच्या आसपास, करारी व तिखट जिभेच्या वयस्क स्त्रियांच्या भूमिकांमधून. त्यामुळे आपल्याकडेही एकीची भूमिका दुसरीच्या नावावर सहज खपून जाते.

पहिला गोंधळ एका परिच्छेदात मिटवता येतो. हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील प्राध्यापिका मॅकगोनागल आणि 'डाउनटन अ‍ॅबी'मधील वृद्ध काउंटेस व्हायोलेट क्रॉली या स्मिथ. १९९५ च्या 'गोल्डनआय'पासून २०१२ च्या 'स्कायफॉल'पर्यंत जेम्स बाँडला हुकूम सोडणाऱ्या गुप्तहेर खात्याच्या प्रमुख 'एम' या डेंच. 'मिसेस ब्राउन' (१९९७) आणि 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (२०१७) या दोन्ही चित्रपटांतील राणी व्हिक्टोरियाही त्याच. मात्र एवढ्यावर थांबणे या दोघींवर अन्याय करणारे ठरेल, कारण त्यांच्यातला खरा फरक त्यांच्या घडणीत आहे, आणि ती घडण या भूमिकांच्या कितीतरी आधी पूर्ण झाली होती.

स्मिथ यांचे वडील ऑक्सफर्डमध्ये रोगनिदानशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत. मुलगी चार वर्षांची असताना कुटुंब तिथे आले, सोळाव्या वर्षी तिने शाळा सोडली आणि ऑक्सफर्ड प्लेहाउसच्या नाट्यशाळेत दाखल झाली. पण तिची खरी शाळा म्हणजे 'रेव्ह्यू' हा करमणुकीचा प्रकार, ज्यात सलग कथानक नसते, फक्त गाणी आणि लहान लहान विनोदी प्रवेश एकापाठोपाठ एक सादर होतात. १९५६ मध्ये ब्रॉडवेवरचे त्यांचे पदार्पण अशाच एका रेव्ह्यूमधून झाले, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये केनेथ विल्यम्स या विलक्षण विनोदी नटासोबत त्या 'शेअर माय लेटिस'मध्ये उभ्या राहिल्या. अशा प्रवेशात पात्राची ओळख करून द्यायला वेळच नसतो. एका शब्दावरचा आघात, मनगटाचा एक झटका किंवा नेमका विराम यांतूनच माणूस उभा करावा लागतो आणि हशा वसूल करावा लागतो. स्मिथ यांच्या अभिनयातील ती सुरीसारखी धार, वाक्य मध्येच वर चढवून शेवटच्या शब्दावर सोडून देण्याची लकब, या शिस्तीतून आलेली आहे. 'डाउनटन अ‍ॅबी'तील ज्या एका ओळीच्या फटकाऱ्यांवर प्रेक्षक खूश होतात, त्यांच्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाची ही तालीम उभी आहे.

डेंच यांची वाट शेक्सपिअरच्या छंदोबद्ध भाषेतून गेली. त्यांचे वडील डॉक्टर होते आणि यॉर्कच्या नाट्यगृहातील कलावंतांवर उपचार करत. डेंच यांना स्वतःला आधी नेपथ्यकार व्हायचे होते. लंडनच्या सेंट्रल स्कूलमध्ये शिक्षण पूर्ण होताच १९५७ मध्ये त्या लंडनच्या ओल्ड विक या नाटक कंपनीत थेट 'हॅम्लेट'मधील ऑफेलियाच्या भूमिकेत आल्या, १९६० मध्ये फ्रँको झेफिरेली यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ज्युलिएट केली आणि १९६१ मध्ये त्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत दाखल झाल्या. त्यांचा आवाज किंचित फाटलेला, घोगरा. तो चढवण्यापेक्षा आत ओढून घेण्यात त्यांची ताकद आहे. १९७६ मध्ये दिग्दर्शक ट्रेव्हर नन यांनी शेक्सपिअरच्या गावी, इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्डच्या 'द अदर प्लेस' या पत्र्याच्या छपराच्या छोट्याशा नाट्यगृहात इयान मॅकेलन आणि डेंच यांना घेऊन बसवलेला 'मॅकबेथ' हा माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे. जवळपास रिकामा रंगमंच, हाताच्या अंतरावर बसलेले प्रेक्षक, आणि झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथच्या तोंडून निघणारा तो लांबलेला हुंदका: इथे लकबीला जागाच नव्हती.

यावरून एक विनोदी आणि दुसरी गंभीर अशी वाटणी मात्र कोणी करू नये, कारण ती सरळ चुकीची आहे. १९६८ मध्ये लंडनमध्ये 'कॅबरे' या संगीतिकेतील सॅली बोल्स गाणाऱ्या डेंचच होत्या, आणि दूरदर्शनवरील हलक्याफुलक्या कौटुंबिक मालिकांत त्या वर्षानुवर्षे रमल्या. त्यांतील 'अ फाइन रोमान्स'मध्ये तर पती मायकेल विल्यम्सच त्यांचे सहकलाकार होते. उलट नटश्रेष्ठ लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी नव्या नॅशनल थिएटरसाठी स्मिथ यांना बोलावले आणि १९६४ मध्ये स्वतःच्या ऑथेल्लोसमोर डेस्डेमोना म्हणून उभे केले. १९७० मध्ये स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांनी त्यांच्याकडून इब्सेनची हेडा गाब्लर करून घेतली, आणि १९७६ पासून कॅनडातील स्ट्रॅटफर्डच्या महोत्सवात त्यांनी शेक्सपिअरच्या मोठ्या नायिका साकारल्या. क्लिओपात्रा दोघींनी केली. ऑस्कर वाइल्डच्या विनोदी नाटकातील लेडी ब्रॅकनेलही दोघींनी केली.

माझ्या पाहण्यातला भेद असा आहे की, स्मिथ रंगमंचावर असताना पात्राच्या एकटेपणाला आकार येतो आणि डेंच असताना नात्याला. स्मिथ यांच्यासाठी नाटककारांनी एकहाती पेलायची कामे लिहिली हा योगायोग नव्हे. पीटर शॅफर यांनी १९८७ चे 'लेटिस अँड लव्हेज' त्यांच्यासाठीच लिहिले. २०१९ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या कार्यालयात सचिव असलेल्या ब्रुनहिल्ड पोम्सेल यांच्या आठवणींवर आधारित प्रदीर्घ एकपात्री प्रयोग त्यांनी लंडनमध्ये केला, आणि तोही बहुतांश एका खुर्चीत बसून. डेंच यांचे सर्वोत्तम क्षण मात्र समोरच्या नटाचे ऐकताना घडतात: 'एम' आणि बाँड यांच्यातील न बोललेली माया, किंवा राणी व्हिक्टोरिया आणि तिचा सेवक ब्राउन यांच्यातील ओढ, ही त्यांच्या ऐकण्यातून कळते.

चित्रपटांत स्मिथ फार लवकर पोहोचल्या. 'द प्राइम ऑफ मिस जीन ब्रोडी'साठी (१९६९) प्रमुख अभिनेत्रीचे आणि 'कॅलिफोर्निया सूट'साठी (१९७८) साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर त्यांनी मिळवले. दुसऱ्या चित्रपटात त्यांची भूमिका, गंमत म्हणजे, ऑस्कर हुकलेल्या नटीची होती. डेंच यांना मात्र तरुणपणी एका चाचणीनंतर, त्यांचा चेहरा पडद्यासाठी योग्य नाही, असे सांगण्यात आले होते, हे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. त्यांचे पहिले ऑस्कर नामांकन 'मिसेस ब्राउन'साठी झाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती. पुढच्याच वर्षीच्या 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये राणी एलिझाबेथ म्हणून जेमतेम काही मिनिटे दिसून त्यांनी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नेले. एकूण नामांकने त्यांची आठ, स्मिथ यांची सहा.

दोघी एकत्र दिसलेले चित्रपट हे गल्लतीचे आणखी एक कारण, पण फरक ओळखायला तेच सर्वांत उपयोगी. मुंबईचे इस्माइल मर्चंट निर्माते असलेल्या 'अ रूम विथ अ व्ह्यू'मध्ये (१९८५) स्मिथ संकोची, कुढणाऱ्या शार्लट बार्टलेट आहेत आणि डेंच आगाऊ कादंबरीकार एलिनॉर लव्हिश. राजस्थानात चित्रित झालेल्या 'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'मध्ये (२०११) खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली, भारतीयांवर खेकसणारी म्युरिएल ही स्मिथ, तर वैधव्यानंतर कॉल सेंटरमध्ये नोकरी धरणारी एव्हलिन ही डेंच. 'टी विथ मुसोलिनी', 'लेडीज इन लॅव्हेंडर' आणि डेव्हिड हेअर यांचे दोनच पात्रांचे नाटक 'द ब्रेथ ऑफ लाइफ' (२००२) हीसुद्धा दोघींची एकत्र कामे. भर म्हणून, स्मिथ यांचा मुलगा टोबी स्टीफन्स, ज्याला आपण आमिर खानच्या 'मंगल पांडे'मध्ये कॅप्टन गॉर्डन म्हणून पाहिले, २००२ च्या बाँडपटात खलनायक होता आणि त्या चित्रपटात 'एम' अर्थातच डेंच होत्या.

मॅगी स्मिथ यांचे २७ सप्टेंबर २०२४ रोजी लंडनमध्ये निधन झाले. डेंच यांची दृष्टी डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे बरीच मंदावली असून आपल्याला संहिता वाचता येत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले आहे. तरीही 'बेलफास्ट'मधील (२०२१) आजी त्यांनी त्याच अवस्थेत, संवाद इतरांकडून ऐकून पाठ करत साकारली. ज्यांना या दोघींची ओळख कायमची पक्की करायची आहे, त्यांनी प्रसिद्ध चित्रपट बाजूला ठेवून दूरदर्शनसाठी चित्रित झालेल्या दोन गोष्टी लागोपाठ पाहाव्यात: नन यांच्या 'मॅकबेथ'चे १९७९ मध्ये प्रसारित झालेले रूप, आणि अ‍ॅलन बेनेट यांचे १९८८ चे 'बेड अमंग द लेंटिल्स', ज्यात मद्याच्या आहारी गेलेली एका पाद्र्याची बायको आणि तिला माणूस म्हणून वागवणारा भारतीय वंशाचा दुकानदार यांची कहाणी स्मिथ एकट्याच, थेट कॅमेऱ्याकडे पाहत सांगतात.