‘खबरदार’ हा शब्द आला कुठून?

‘खबरदार, पुन्हा इकडे फिरकलास तर!’ एवढं म्हटलं की पुरतं. फिरकल्यावर काय होईल ते बोलणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही. दरडावणीचं इतकं बळ असलेल्या या शब्दाच्या मुळाशी धमकीचा लवलेशही नाही.

‘खबर’ अरबी. अर्थ बातमी, माहिती. तिचंच अनेकवचन ‘अखबार’. ‘दार’ फारसी, म्हणजे बाळगणारा. किल्लेदार, जहागीरदार, फौजदार यांतला. हा ‘दार’ संस्कृतातल्या ‘धृ’ धातूचा नातलग आहे, म्हणजे ‘शस्त्रधारी’तला ‘धारी’ आणि ‘किल्लेदारा’तला ‘दार’ एकाच कुळातले. तेव्हा खबरदार म्हणजे ज्याच्यापाशी खबर आहे तो. ज्याला खबर असते तो सहसा गाफील राहत नाही, म्हणून ‘माहीतगार’चा अर्थ ‘सावध’कडे सरकला. आणि सावध माणसाचं वर्णन करणारा शब्द समोरच्याला उद्देशून मोठ्याने उच्चारला की त्याचा इशारा होतो.

तुर्कीत तो या वाटेने फार पुढे गेला नाही. तिथे ‘हाबेरदार’ म्हणजे आजही ज्याला कळलेलं आहे असा, आणि ‘हाबेरदार एतमेक’ म्हणजे कळवणं. इराणमध्ये त्याला वेगळंच काम मिळालं. तिथल्या सैनिकी कवायतीत ‘खबरदार!’ अशी आज्ञा झाली की जवान ताठ उभे राहतात. आपल्या कवायतीत त्या जागी ‘सावधान’ आहे.

हा योग मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘सावधान’च्या पोटातही भीती नाही. स + अवधान, म्हणजे लक्ष एकवटलेला. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे हेच अवधान मागतात, आणि मंगलाष्टकांत वधूवरांना सावधान म्हणतात ते काही धमकावायला नव्हे. एका शब्दाची सुरुवात माहितीपासून, दुसऱ्याची लक्षापासून; दोन्ही शेवटी एकाच आज्ञेवर येऊन ठेपले.

बहमनी राज्यापासून पुढे दख्खनच्या दरबारांत फारसी चालत होती, आणि तिच्यातले असे कितीतरी शब्द मराठीत कायमचे रुजले. हिंदुस्थानात या शब्दाला रात्रीचा पहाराही मिळाला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे ती चौकीदाराची आरोळी म्हणून: आपण जागे आहोत हे कळावं म्हणून तो ओरडत असे. ही आरोळी चोराला धाक घालणारी आणि घरातल्यांना धीर देणारी, दोन्ही होती. गुजरातीत ‘खबरदार’ आडनावही आहे. अर्देशर फरामजी खबरदार (1881–1953) हे तिथले नामवंत पारशी कवी. तेलुगूत तो ‘खबड्दार’ झाला आणि त्याची जरब जराही कमी झाली नाही.

नुसती ‘खबर’ याहून लांब फिरली. पूर्व आफ्रिकेत स्वाहिली बोलणारे भेटल्यावर ‘हबारी?’ विचारतात, मलय बोलणारे ‘आपा खबर?’, आणि दोन्हीचा भाव आपल्या ‘काय खबरबात?’सारखाच. रोमानियनमध्ये ती तुर्कीवाटे पोचली. ‘हबार नाम’ म्हणजे मला काही कल्पना नाही. इशाऱ्याचा अर्थ यांतल्या कुठेच नाही.

मराठीत मात्र या शब्दाचे दोन फाटे झाले. ‘खबरदार माणूस’ असं विशेषण आता क्वचितच ऐकू येतं, उरला तो उद्गार, बहुधा मागे ‘तर’ घेऊन येणारा. जुना अर्थ टिकला तो ‘खबरदारी’त. साथ पसरली, धरणाचे दरवाजे उघडले, वादळ किनाऱ्याकडे निघालं की प्रशासन खबरदारी घेण्याचं आवाहन करतं, आणि त्यात दरडावणी नसते. आधी माहिती पोचवायची आणि मग त्याप्रमाणे वागायला सांगायचं, हा क्रम तिथे अजून शाबूत आहे.