काळी ज्वारी आणि धान्यापासूनचा मद्यार्क : पार्श्वभूमी

ज्वारी-बाजरीला २०१८ मध्ये केंद्राने ‘पौष्टिक तृणधान्य’ म्हणून मान्यता दिली. भारताच्याच प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष ठरले. या कौतुकाच्या गर्दीत महाराष्ट्रात ज्वारीवरून झालेला सर्वांत कडवा वाद मागे पडला. राज्य सरकारने २००७ मध्ये धान्यापासून मद्यार्क तयार करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान देण्याचे ठरवले होते. हा निर्णय योग्य होता की नव्हता यावर अजूनही दोन तट आहेत. मात्र तो कुठून आला हे समजण्यासाठी संकरित ज्वारीपर्यंत मागे जावे लागते.

ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली. ती दख्खनमध्ये रुजली आणि इथल्या काळ्या जमिनीची झाली. मंगळवेढ्याच्या संत अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. पेवे, म्हणजे जमिनीतली कोठारे, भरून धान्य साठवण्याची रीत तर अनेक गावांत आजोबांच्या पिढीपर्यंत होती.

देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण, सीएसएच-१, १९६४ मध्ये आला. बुटका, सुमारे शंभर दिवसांत तयार होणारा आणि खताला चांगला प्रतिसाद देणारा. तो काळ अन्नटंचाईचा होता. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेला अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आणि रोजगाराच्या कामांवरची सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना त्या टंचाईची धग वेगळी सांगावी लागत नाही. जास्त पिकणारे वाण हवेच होते. संकरित ज्वारीने लाखो घरांत भाकरी पोहोचवली, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही आधी मान्य केले पाहिजे.

अडचण तिच्या कमी मुदतीतच होती. खरिपाचे जुने गावरान वाण उंच आणि उशिरा येणारे. दिवस लहान होऊ लागले की ते निसवायचे, म्हणजे त्यांची कणसे बाहेर पडायची, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर कोरड्या हवेत दाणा भरायचा. संकरित वाणाला दिवसाच्या लांबीशी कर्तव्य नव्हते. तो लवकर निसवायचा आणि दाणा पक्व होताना वर परतीचा पाऊस असायचा. ओल्या कणसावर बुरशी चढली की दाणा काळा पडतो. ही ‘काळी ज्वारी’ बाजारात कवडीमोलाने जाऊ लागली. बुरशीची विषे हा वेगळाच धोका. दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत १९९५ मध्ये पावसात भिजलेली, बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी-जुलाबाची साथ आली होती. कडब्याचेही नुकसान झाले. बुटक्या ताटाचा कडबा कमी आणि जनावरे तो आवडीने खात नाहीत, अशी शेतकऱ्यांची तक्रार पहिल्यापासून होती. संशोधकांनी पुढे बुरशीला दाद न देणारे वाण शोधण्यात बरीच वर्षे घालवली. काही सुधारणा झाली, पण प्रश्न सुटला नाही.

तेव्हा २००७ च्या निर्णयामागचा युक्तिवाद वरकरणी शेतकऱ्याच्या बाजूचा होता. काळ्या ज्वारीला गिऱ्हाईक नाही, खाण्यालायक नसलेले धान्य कारखान्याने घेतले तर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतील. आपल्याकडे मद्यार्क बनायचा तो साखर कारखान्यांच्या मळीपासून, म्हणजे बागायती पट्ट्यात. कोरडवाहू भागालाही असा उद्योग मिळावा, हा मुद्दा अजिबात खोटा नव्हता.

विरोधकांचे म्हणणे होते की धान्य गरिबाच्या ताटातून दारूच्या पिंपात जाईल आणि त्यासाठी पैसा जनतेचा लागेल. दारूबंदीसाठी अनेक वर्षे झटलेले विदर्भातले कार्यकर्ते यात आघाडीवर होते. मंजुरी मिळालेल्या कारखान्यांत राजकीय घराण्यांशी संबंधित कारखाने असल्याचे वृत्तपत्रांनी छापले आणि वाद चिघळला. पुढे नव्या प्रस्तावांना अनुदान देणे थांबले. आधीच्या मंजुऱ्यांचा प्रश्न न्यायालयात गेला.

या वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी पुरेशी मांडली नाही. निर्णय झाला तोवर खरिपाची ज्वारी शेतातून निघून चालली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरले. ते शंभर दिवसांत निघते, रोख पैसा देते, पाखरे राखायला माणूस लागत नाही. खरीप ज्वारीचे क्षेत्र २००७ पर्यंत ऐंशीच्या दशकाच्या निम्म्याहून कमी उरले होते. म्हणजे दुखणे वीस वर्षांपूर्वीचे आणि औषध रोगी उठून गेल्यावर आले. शिवाय कारखान्याला स्टार्च हवा असतो. तो ज्वारीतून आला की मक्यातून की तुकडा तांदळातून, याने त्याला फरक पडत नाही. ज्वारी उत्पादकाचे नाव पुढे करून दिलेले अनुदान ज्वारीशी बांधलेले राहील, याची हमी मुळातच कच्ची होती. माझ्या मते निर्णयाचा खरा दोष इथे आहे, दारू चांगली की वाईट या प्रश्नात नाही.

रब्बीची कहाणी वेगळी. सोलापूर, नगर, बीड, धाराशिव भागात पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर ही ज्वारी येते. मोहोळला १९३० च्या दशकात मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण आजही तिथे टिकून आहे. संकरित वाणांना त्याची जागा घेता आली नाही. टपोरा मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि भरपूर कडबा हे सगळे एकत्र देणारा दुसरा वाण शेतकऱ्याला मिळाला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

सरकारी हिशेबात मात्र हा फरक उमटत नाही. २०१८-१९ चा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलमागे २४३० रुपये आणि मालदांडीला २४५० रुपये होता. फरक २० रुपये. २०२३-२४ मध्ये हेच भाव ३१८० आणि ३२२५ झाले. बाजारात चांगली मालदांडी याहून कितीतरी वरच्या भावाने जाते. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये भरडधान्य किलोला १ रुपया दराने देण्याची तरतूद केली, पण रेशन दुकानात बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच मिळत राहिले. शहरांबरोबर खेड्यांतही चपातीने भाकरीला मागे सारले, त्यात या धोरणाचा वाटा मोठा आहे.

राज्याच्या स्थापनेच्या वेळी साठ लाख हेक्टरांहून अधिक असलेले ज्वारीचे क्षेत्र आता वीस लाखांच्या आत आले आहे. रब्बी पट्ट्यातही पाणी पोहोचले तिथे ऊस आला, नाही तिथे हरभरा. उभी ज्वारी उपटायला आणि कणसे मोडायला मजूर मिळत नाहीत. कडबा शाबूत ठेवून उंच ताटाची काढणी करणारे यंत्र अजून लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आलेले नाही.