केंद्रीभूत आंतरजाल राउटिंग

स्वायत्त जाळ्यांच्या (एकेका संस्थेच्या ताब्यातील जाळ्यांच्या, म्हणजे ‘एएस’च्या) सीमेवरची मार्गनिवड प्रत्येक राउटरवर (माहितीची पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्रावर) न सोडता एका नियंत्रक संगणकाकडे देण्याची पद्धत. ‘केंद्रीभूत’ हे विशेषण एका संस्थेपुरते किंवा एका इंटरनेट एक्सचेंजपुरतेच (अनेक जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागेपुरतेच) घ्यावे. सबंध आंतरजालाचे मार्ग ठरवणारे असे केंद्र कुठेही नाही. शेजारी जाळ्यांशी मार्गांची देवाणघेवाण बीजीपी या प्रचलित नियमसंचानेच होते.

बीजीपीत मार्ग गंतव्य पत्त्याच्या प्रीफिक्सवरून (पत्त्यांच्या गटाच्या सामाईक सुरुवातीच्या भागावरून) निवडला जातो. आधी लोकल प्रेफरन्स (जाळ्याने स्वतः ठरवलेला पसंतीक्रम), मग एएस-पाथची (वाटेतील एएसच्या क्रमांकांच्या यादीची) लांबी, आणि बरोबरी सुटेपर्यंत पुढचे निकष. दुवा भरला आहे की रिकामा, हे या क्रमात कुठेच येत नाही. एकाच प्रीफिक्सकडे जाणारे व्हिडिओ आणि ईमेलही वेगळे काढता येत नाहीत.

कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. २००८ च्या ओपनफ्लोपासून (स्विचना नियंत्रकाकडून नियम देण्याच्या पद्धतीपासून) सुरुवात मानण्याचा प्रघात आहे. मात्र राउटिंग राउटरांपासून वेगळे करावे, हा विचार फीमस्टर, रेक्सफर्ड आदी संशोधकांनी २००४ मध्येच मांडला होता आणि २००५ मध्ये ‘राउटिंग कंट्रोल प्लॅटफॉर्म’चा नमुनाही पुढे आला. त्याहीआधी, १९९५ च्या सुमारास, अमेरिकेतील राउटिंग आर्बिटर प्रकल्पाचे रूट (route, म्हणजे मार्ग) सर्व्हर एक्सचेंजच्या सदस्य जाळ्यांचे मार्ग एका जागी गोळा करून पुन्हा वाटत होते. रूट सर्व्हर पॅकेट पुढे पाठवत नाही, फक्त मार्ग सांगतो. नियंत्रण आणि वहन यांची फारकत तिथेच झाली होती. म्हणून मूळ तिथे शोधणे अधिक सयुक्तिक दिसते.

रूट सर्व्हरमुळे प्रत्येक सदस्याशी स्वतंत्र सेशन (बीजीपीची जोडणी) लावावे लागत नाही: १०० सदस्यांना आपसांत ४,९५० सेशन लागतील, सर्व्हरमार्फत १००. मुंबईतील डीई-सिक्स एक्सचेंजवरही हीच सोय आहे. सर्व्हर एएस-पाथमध्ये स्वतःचा क्रमांक घालत नाही. त्यामुळे पहिला एएस शेजाऱ्याचाच हवा, अशी तपासणी चालू असलेला राउटर हे मार्ग नाकारतो. ती तपासणी त्या सेशनपुरती बंद करावी लागते. दुसरी अडचण ‘मार्ग झाकला जाणे’. समजा, क आणि ख हे सदस्य एकच प्रीफिक्स जाहीर करतात. सर्व्हर क चा मार्ग निवडतो. पण क ने ‘ग या सदस्याला देऊ नये’ अशी कम्युनिटी (मार्गाला जोडलेली सूचना) लावलेली असते. सर्व्हरचे कोष्टक (निवडलेल्या मार्गांची यादी) सामाईक असेल तर ग च्या हाती काहीच लागत नाही, ख चा मार्ग मोकळा असूनही. उपाय म्हणजे प्रत्येक सदस्यासाठी वेगळे कोष्टक. त्याची किंमत स्मृती आणि प्रक्रियाकाळात मोजावी लागते.

२०१४ मध्ये मांडलेल्या एसडीएक्समध्ये (सॉफ्टवेअरने नियंत्रित एक्सचेंजमध्ये) सदस्यांना जोडणारा एक्सचेंजचा स्विचच प्रोग्रॅम करता येतो: पोर्ट ८० ची, म्हणजे वेबची, वाहतूक ख कडे, बाकीची नेहमीच्या वाटेने, किंवा येणारी वाहतूक पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून स्विचच्या दोन जोडण्यांत विभागणे. पथ्य एकच, ज्या सदस्याने तो प्रीफिक्स जाहीर केलेला नाही त्याच्याकडे पॅकेट जाता कामा नये. ते शब्दशः पाळायचे तर प्रत्येक धोरण प्रत्येक प्रीफिक्सशी गुणावे लागते आणि स्विचमध्ये एवढे नियम मावत नाहीत. तोडगा पुढीलप्रमाणे. सारखे वागणारे प्रीफिक्स एका गटात घ्यायचे. रूट सर्व्हर गटाला एक आभासी नेक्स्ट-हॉप (पुढच्या टप्प्याचा आयपी पत्ता) देतो; सदस्याचा राउटर त्यासाठी एआरपी विचारतो, म्हणजे त्या आयपी पत्त्याचा मॅक (यंत्राचा) पत्ता मागतो; नियंत्रक आभासी मॅक पत्ता कळवतो. राउटर तो पत्ता प्रत्येक पॅकेटवर स्वतःच लिहितो आणि स्विच फक्त ती खूण वाचतो. लाखो प्रीफिक्सची छाननी अशी सदस्याच्याच राउटरवर ढकलली जाते.

मोठ्या कंपन्यांनी हे तत्त्व बाहेर जाणाऱ्या वाहतुकीला लावले. २०१७ मध्ये गूगलने ‘एस्प्रेसो’ आणि फेसबुकने ‘एज फॅब्रिक’ यांची माहिती प्रसिद्ध केली. एज फॅब्रिक सुमारे ३० सेकंदांनी हिशोब करते. एखादा दुवा जवळपास ९५ टक्के भरणार असे दिसले, तर काही प्रीफिक्स जास्त लोकल प्रेफरन्सच्या बीजीपी मार्गाने दुसरीकडे वळवते. नियंत्रक बंद पडला की त्याचे सेशन तुटते, वळवलेले मार्ग गळतात आणि राउटर नेहमीच्या निवडीवर परततो.

एक्सचेंजवर बिघाडातून असे आपोआप सावरता येतेच असे नाही. दोन सदस्यांमधली स्विचवरची वाट तुटली, पण दोघांची सर्व्हरशी सेशन चालू राहिली, तर सर्व्हर मार्ग देतच राहतो आणि पॅकेट वाटेत नाहीशी होतात. सदस्यांनी आपसांत बीएफडी (वाट चालू आहे का हे सतत तपासणारी यंत्रणा) लावल्यास बिघाड कळतो. मात्र तो सर्व्हरला कळवण्याची सोय वेगळी करावी लागते.