आधी हवेचा हिशेब, मग टर्बो

भांडुपच्या एका गाळ्यात माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र गेल्या पावसाळ्यापासून जुन्या मारुती एस्टीमच्या इंजिनाशी झटतायत. गाडी रस्त्यावर आणायची नाही; नोंदणी झालेल्या गाडीच्या इंजिनात असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. इंजिन स्टँडवर चालवायचं, मोजायचं, शिकायचं, एवढाच बेत. मागच्या रविवारी गेलो तर त्याने फडक्यात गुंडाळलेला टर्बो पुढे केला. "मामा, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलाय. ट्रकचा आहे. काय पॉवर येईल बघा!"

टर्बो देखणा होता. पण त्या इंजिनासाठी नव्हता, आणि का नव्हता हे कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत कळण्यासारखं आहे.

टर्बो स्वतः ताकद तयार करत नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुरातली ऊर्जा एरवी वाया जाते. तिच्यावर एक चाक (टर्बाइन) फिरतं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक (कॉम्प्रेसर) बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. ताकद येते ती त्या पेट्रोलातून. म्हणून पहिला प्रश्न 'टर्बो केवढा' हा नसून 'आपलं इंजिन मिनिटाला किती हवा ओढतं' हा असतो.

एस्टीमचं इंजिन १.३ लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराइतकी हवा घेतं. म्हणजे ६००० आरपीएमला मिनिटात ३००० वेळा १.३ लिटर, एकूण ३९०० लिटर. पण कुठलंच साधं इंजिन पूर्ण भरत नाही. व्हॉल्व्ह, फिल्टर, वळणं आडवी येतात. ८५ टक्के धरले तर ३३०० लिटर. मुंबईच्या ३२ अंशांच्या हवेत एका घनमीटरचं वजन साधारण १.१५ किलो, म्हणजे मिनिटाला ३.८ किलो हवा. मिनिटाला एक किलो हवेमागे सुमारे २२ हॉर्सपॉवर हा पेट्रोल इंजिनांचा ठोकताळा. गुणाकार केला तर ८४. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या, एस्टीमची ताकद ८५ हॉर्सपॉवर होती! हा आकडा जुळला तेव्हा भाच्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यासाठीच मी असले हिशेब करत बसतो.

आता टर्बोने अर्धा बार बूस्ट, म्हणजे सुमारे ७ पीएसआय जादा दाब, देऊ. इथे बरेच जण चुकतात. बाहेरच्या हवेचा एक बार दाब आधीच आहे, त्यावर हा अर्धा. म्हणून दाबाचं गुणोत्तर दीड. मग हवाही दीडपट? नाही. सायकलचा पंप मारताना बूड कसं तापतं ते आठवा. ३२ अंशांची हवा दीडपट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तर ती ८५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. तापलेली हवा पसरते, त्यामुळे दीडपट दाबूनही तिचं वजन जेमतेम सव्वापटीच्या थोडं वर, म्हणजे १.२८ पट भरतं. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारी जाळी, लावून ती ४७ अंशांवर आणली तर १.४३ पट. हिशेब झाला: मिनिटाला साडेपाच किलो हवा, १२० हॉर्सपॉवर. टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा आकडाही १२०च आहे, त्यामुळे आपण हवेत बोलत नाही आहोत.

प्रत्येक चांगल्या कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो. आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्या अक्षावर दाबाचं गुणोत्तर, आणि मध्ये भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखी वर्तुळं. सगळ्यात आतलं वर्तुळ म्हणजे माथा: तिथे कार्यक्षमता सर्वात जास्त, हवा कमीत कमी तापते. उजव्या कडेला चाकाची क्षमता संपते. डावीकडची रेषा मात्र जास्त धोक्याची, तिला सर्ज म्हणतात. पाण्याने भरलेली बाटली उपडी केली की पाणी सरळ वाहत नाही, डुबुक डुबुक करत आत-बाहेर होतं. सर्जमध्ये हवेचं तसंच होतं. दाबलेली हवा उलटी फिरते, परत पुढे ढकलली जाते, आणि मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या घेणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगवर घाव पडत राहतात.

आम्ही दोन ठिपके काढले. ६००० आरपीएमला साडेपाच किलो, ३००० ला पावणेतीन किलो, दोन्हीकडे गुणोत्तर दीड. दोन्ही ठिपके नकाशात सुखाने बसायला हवेत. ट्रकचं पाच-सहा लिटरचं इंजिन याच्या दुपटी-तिपटीने हवा गिळतं, तो टर्बो तेवढ्या हवेसाठीच घडवलेला. आमचा वरचा ठिपका त्याच्या माथ्यापासून खूप डावीकडे पडणार, आणि ३००० ला तर बूस्टच बनणार नाही. एवढं जड चाक फिरवायला एस्टीमचा धूर पुरायचा नाही.

मग छोट्या डिझेल गाडीचा टर्बो? कुर्ल्याला तो स्वस्तात मिळतो आणि मोह होतोच. पण पेट्रोल इंजिनाचा धूर साडेनऊशे अंशांपर्यंत जातो, डिझेलचा त्यापेक्षा शे-दीडशे अंश कमी. डिझेलच्या टर्बोतल्या हलत्या पात्यांना एवढी आच सोसवत नाही. शिवाय ४००० आरपीएमसाठी बेतलेलं टर्बाइन ६००० च्या धुराला अरुंद पडतं आणि धूर इंजिनातच तुंबतो. टर्बाइनच्या शंखासारख्या कवचावर, म्हणजे हाउसिंगवर, ए/आर असा आकडा असतो: शंखातल्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले तिचं मध्यापासूनचं अंतर. आकडा लहान तर टर्बो लवकर जागा होतो, मोठा तर वरच्या आरपीएमला मोकळा श्वास घेतो. या इंजिनाला मी लहानच घेईन.

बूस्ट अर्ध्या बारवर का थांबवला, हेही भाच्याने विचारलं. कारण नॉकिंग. दाब आणि उष्णता वाढून, ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बो होता आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट आवळतो तो आकडा, १०.२५ ला एक. नॉकिंग टाळायला तिच्यात पाणी-मेथॅनॉलचं मिश्रण फवारत, त्याची वेगळी टाकी होती, आणि मालक ती भरायला विसरत. आमच्याकडे वेगळी टाकी नाही. इंटरकूलरसमोर मोठा पंखा लावलाय, कारण स्टँडवरच्या इंजिनाला वारा कोण घालणार?

बुधवारी कुर्ल्याहून भाच्याचा फोन आला. एका पेट्रोल गाडीचा छोटा टर्बो मिळतोय. मी विचारलं, दांडा कसा आहे? आडवा किंचित हलतो, पुढे-मागे अजिबात नाही, पात्यांच्या कडा शाबूत, कॉम्प्रेसरच्या बाजूला तेल नाही. मग टर्बोवरच्या नंबराच्या प्लेटचा फोटो पाठव, म्हटलं. फोटो आलाय. आज रात्री त्या नंबराचा नकाशा शोधून आमचे दोन ठिपके त्यावर मांडायचे आहेत.