हॉल, ॲडिलेड

हॉल, ॲडिलेड : (२० ऑक्टोबर १९०१–७ नोव्हेंबर १९९३). जॅझमधील आद्य आफ्रिकन-अमेरिकन गायिकांपैकी एक. जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, उत्तरायुष्य लंडनमध्ये. जॅझ पियानोवादक व रचनाकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदासह १९२७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘क्रिओल लव्ह कॉल’ या रचनेतील त्यांच्या शब्दविरहित गायनामुळे मानवी आवाजाला जॅझमध्ये वाद्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल जुन्या संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी ते बरेच नंतरचे दिले आहे. मात्र १९०१ हेच वर्ष आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे व येथेही तेच स्वीकारले आहे.

वडील विल्यम हॉल पियानो शिकवीत. त्यांच्या आणि बहीण एव्हलिनच्या अकाली मृत्यूनंतर घराचा भार ॲडिलेड यांच्यावर आला. ‘शफल अलाँग’ (१९२१) या सर्वस्वी कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीतिकेत समूहगायिका म्हणून त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. नोबल सिसल व यूबी ब्लेक यांच्या या नाटकाने ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचे दार कृष्णवर्णीयांसाठी किलकिले केले होते. पुढे ‘रनिन वाइल्ड’ (१९२३) आणि सॅम वुडिंग यांच्या वाद्यवृंदासह बर्लिनमध्ये सुरू झालेला ‘चॉकलेट किडीज’चा यूरोप दौरा (१९२५) झाला. दरम्यान त्रिनिदादमध्ये जन्मलेले ब्रिटिश खलाशी बर्ट हिक्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हिक्स यांनी पुढे पत्नीचे सर्व व्यावसायिक व्यवहार सांभाळले.

‘क्रिओल लव्ह कॉल’ : हे ध्वनिमुद्रण २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी झाले. हॉल यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी : एका दौऱ्यात त्या आणि एलिंग्टन एकाच कार्यक्रमात होते. आपला भाग संपवून त्या विंगेत उभ्या असताना वाद्यवृंद ही धून वाजवू लागला आणि त्या नकळत तिच्यावर दुसरीच सुरावट गुणगुणू लागल्या. एलिंग्टन यांनी ती ऐकली व नेमके तेच पुन्हा गायला सांगितले. ही हकिकत बऱ्याच वर्षांनी सांगितलेली आहे, त्यामुळे तिचे तपशील काटेकोर धरू नयेत. गाभा मात्र विश्वसनीय वाटतो. हा प्रसंग न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कॉटन क्लब या नाइटक्लबमध्ये घडल्याचे लोकप्रिय लेखनात आढळते, ते स्वीकारणे कठीण आहे. एलिंग्टन यांचा वाद्यवृंद त्या क्लबात डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला, म्हणजे तबकडी मुद्रित झाल्यानंतर.

तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. सुरुवातीला तीन क्लॅरिनेट मुख्य धून संथपणे वाजवतात आणि प्रत्येक ओळीनंतर राहिलेल्या मोकळ्या जागेत हॉल यांचा तलम, वरच्या पट्टीतला आवाज उत्तर देतो. त्यात शब्द नाहीत. नंतर बबर मायली यांचा ट्रम्पेट येतो. नळदुरुस्तीत वापरतात तो रबरी पंप ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप करून आणि घशातून गुरगुरत मायली तो सूर काढीत. शेवटी हॉल परत येतात त्या याच गुरगुरत्या, खरखरीत आवाजात. एकाच गळ्यातून आधी क्लॅरिनेट आणि मग ट्रम्पेट ऐकू यावा, असा हा प्रवास आहे. मराठी श्रोत्याला येथे आलापी आठवेल, परंतु साम्य शब्द नसण्यापुरतेच. आलापीत गायक राग उलगडतो; येथे ब्लूज या गीतप्रकाराची बारा बारची (तालखंडांची) चौकट ठरलेली आहे आणि गायिका वाद्यांच्या नादाची जात आपल्या आवाजात आणते आहे.

या गायनाला ‘स्कॅट’ म्हणावे की नाही, याबद्दल दोन मते आहेत. एक मत ते स्कॅटचाच प्रकार मानते व लुई आर्मस्ट्राँग यांच्या ‘हीबी जीबीज’ (१९२६) या तबकडीच्या परंपरेत बसवते. दुसऱ्या मतानुसार स्कॅटमध्ये निरर्थक अक्षरे झपाट्याने उच्चारून लय खेळवली जाते. हॉल यांच्या गायनात अक्षरांना महत्त्व नाही, आहे ते स्वराच्या पोताला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

धुनेच्या कर्तृत्वाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. तबकडीवर श्रेय एलिंग्टन, मायली आणि क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन यांना आहे. प्रत्यक्षात मुख्य धून कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाने १९२३ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधून आली आहे. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्यास शंका उरत नाही. जॅक्सन यांनी पूर्वी ऑलिव्हर यांच्याकडे वाजवले होते. ती धून त्यांनी स्वतःची म्हणून एलिंग्टन यांना दिली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऑलिव्हर यांनी हक्क सांगितला, पण तो टिकला नाही. त्यानंतर लवकरच जॅक्सन यांची जागा बार्नी बिगार्ड यांनी घेतली. जॅक्सन यांचा पुढचा प्रवास मुंबईपर्यंत येतो : १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आदी आफ्रिकन-अमेरिकन वादकांबरोबर ते ताजमहाल हॉटेलात वाजवीत होते. याच मंडळींच्या सहवासात फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक जॅझ शिकले. या साऱ्या वादात हॉल यांचे नाव कोठेच येत नाही. त्यांची प्रतिसुरावट त्यांची स्वतःची होती, ती नसती तर ही रचना आज आहे तशी ओळखली गेली नसती, आणि तरीही रचनाकार म्हणून त्यांना श्रेय मिळाले नाही. ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.

ब्रॉडवे ते यूरोप : १ नोव्हेंबर १९२७ रोजी फ्लॉरेन्स मिल्स या लोकप्रिय कृष्णवर्णीय तारकेचे निधन झाले. निर्माते लू लेस्ली यांनी त्यांच्या जागी हॉल यांना ‘ब्लॅकबर्ड्स ऑफ १९२८’ मध्ये घेतले. जिमी मॅकह्यू व डॉरथी फील्ड्स यांची गीते आणि बिल रॉबिन्सन यांचे टॅप नृत्य असलेल्या या कार्यक्रमाचे पाचशेहून अधिक प्रयोग झाले. ‘डिगा डिगा डू’ आणि ‘आय मस्ट हॅव दॅट मॅन’ ही हॉल यांची त्यातील गाणी. १९२९ मध्ये हा कार्यक्रम पॅरिसच्या मूलां रूजमध्ये गेला. १९३२ मध्ये आर्ट टेटम हा जवळजवळ दृष्टिहीन तरुण पियानोवादक हॉल यांचा साथीदार म्हणून न्यूयॉर्कला आला. ऑगस्टमध्ये त्यांच्यासोबत झालेली मुद्रणे टेटम यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांत गणली जातात. १९३४ मध्ये कॉटन क्लबच्या कार्यक्रमात त्यांनी हॅरल्ड आर्लन यांचे ‘इल विंड’ प्रथम गायले. या क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय आणि प्रेक्षकांत केवळ गोरे, अशी प्रथा होती.

याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लार्चमाँट या गोऱ्या वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न केला. आपल्या पूर्वजांत लाँग आयलंडचे मूळ रहिवासी शिनेकॉक लोक असल्याने आपण अस्सल अमेरिकन आहोत, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. देश सोडण्यामागे हे एक कारण असावे.

पॅरिसमध्ये काही काळ स्वतःचा क्लब चालवल्यावर १९३८ मध्ये त्या लंडनला आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फॅट्स वॉलर यांच्या ऑर्गनसाथीने त्यांनी दोन गाणी मुद्रित केली. ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) या चित्रपटात त्यांनी गायलेली अंगाई आहे. म्हैसूरचा साबू याच चित्रपटाचा नायक. मेफेअरमधील त्यांचा फ्लोरिडा क्लब युद्धकाळात बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. त्या मात्र सैनिकांसाठी गात राहिल्या.

उत्तरकाळ : युद्धोत्तर काळात ‘किस मी, केट’ची लंडन आवृत्ती (१९५१), ‘लव्ह फ्रॉम जूडी’ (१९५२) आणि लीना हॉर्न यांच्याबरोबर ब्रॉडवेवर ‘जमेका’ (१९५७) या संगीतिकांत त्यांनी भूमिका केल्या. १९६३ मध्ये हिक्स यांचे निधन झाले. १९८० च्या दशकात कॉटन क्लबविषयी नव्याने कुतूहल जागे झाल्यावर त्या पुन्हा प्रकाशात आल्या. १९८८ मध्ये व नंतर नव्वदी ओलांडल्यावर १९९२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. दफन ब्रुकलिनमधील एव्हरग्रीन्स दफनभूमीत, आईच्या शेजारी, करण्यात आले.